ट्रॉलीची पिन कशाची करावी: एमएस, ईएन ८ की इंडक्शन केलेली ईएन ८?

कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन जवळ आलं की लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या लेथवर पिना करून घ्यायला गर्दी होते. मागणी सगळ्यांची एकच, "कडक करून द्या." पण ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणाऱ्या, उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या पिनीला तीन गुण लागतात. घासून झिजू नये म्हणून वरून कठीणपणा, खड्ड्यातला हिसका सोसायला आतून चिवटपणा, आणि कायमची वाकू नये इतकं बळ. कडकपणा वाढवत नेला की चिवटपणा कमी होतो, म्हणून विचार करून निवडावं लागतं.

एमएसचा (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं साधं पोलाद) राउंड बार कुठल्याही दुकानात मिळतो आणि सगळ्यांत स्वस्त पडतो. त्यातल्या ई २५० ग्रेडला जवळपास २५० एमपीए यील्डची हमी असते, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलो ताण येईपर्यंत तो कायमचा वाकत नाही. तुटण्याआधी तो २० टक्क्यांहून जास्त ताणला जातो, त्यामुळे पिन आधी वाकते आणि तुम्हाला इशारा मिळतो. कमतरता झिजेची. काठिण्य १२०-१३० ब्रिनेलच्या (कठीणपणा मोजायचं माप) आसपास, त्यामुळे हंगाम निम्म्यावर येईतो पिन मधोमध डमरूसारखी होते. ती तापवून पाण्यात बुडवण्याचा खटाटोप करू नका. कार्बन ०.२३ टक्क्यांच्या आत असतो, लोहाराने कितीही पाणी पाजलं तरी म्हणावा तसा कडकपणा येत नाही.

ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास, म्हणून तिला पाणी चढतं, म्हणजे तापवून बुडवलं की ती कडक होते. धोकाही तिथेच आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्याच शेडमधली एक पिन चढावर भरल्या ट्रॉलीला तुटली. नशिबाने मागे कोणी नव्हतं. तुकडा हातात घेतला तर बाक कुठेच नव्हता आणि तुटलेलं तोंड रवाळ साखरेसारखं चकाकत होतं. कानस मारली तर नुसती घसरत होती, म्हणजे कडकपणा भरपूर होता. मी पाणी दिलं होतं, पण टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा जायला नंतर पुन्हा बेताने तापवणं, करून घेतलं नव्हतं. तेव्हापासून टेम्परिंगशिवाय पिन देत नाही.

हीच ईएन ८ नीट हार्डन करून साधारण ५५०-६५० अंशांवर टेम्पर केली की २०१-२५५ ब्रिनेलमध्ये बसते आणि चिवटही राहते. ब्रिनेलच्या आकड्याला ३.४५ ने गुणलं की ताणबळाचा अंदाज येतो. २०० ब्रिनेल म्हणजे जवळपास ६९० एमपीए. एमएसपेक्षा हे बरंच जास्त. मात्र "कडक पिन कमी लवते" हा समज काढून टाका. स्टील कोणतंही असो, लवचीकतेचा गुणांक (भाराखाली किती लवतं ते ठरवणारा आकडा) २००-२१० जीपीएच असतो. कडक पिन लवते तेवढीच, फक्त जास्त भारापर्यंत परत सरळ होते.

तिसरा पर्याय म्हणजे टेम्पर केलेल्या ईएन ८ ला वरून इंडक्शन, म्हणजे विजेच्या कॉइलने फक्त वरचा थर तापवून लगेच थंड करणं. वरचा दोन-तीन मिलिमीटर थर ५०-५५ एचआरसी (रॉकवेल यंत्रावरचा कठीणपणाचा आकडा), आतला गाभा चिवट. रोज फेऱ्या मारणाऱ्याने हीच घ्यावी, खर्च वाढला तरी. वर्षाला चार-दोन खेपा करणाऱ्याला जाड एमएस पुरते, झिजली की बदलायची.

इंडक्शनला देताना चिठ्ठीवर एचआरसी आणि थराची खोली दोन्ही लिहा, आणि नंतर थोडं टेम्परिंग मागा. तपासणी रॉकवेलवर करा. त्यात १५० किलोचा भार हिऱ्याच्या टोकावर येतो, म्हणून थर अगदी पातळ असेल तर टोक खाली मऊ भागापर्यंत दबतं आणि आकडा कमी दिसतो. तिथे व्हिकर्स ही हलक्या भाराची चाचणी लागते.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ईएन ८ च्या पिनीला मूठ थेट वेल्ड करू नका. आधी न तापवता वेल्ड केलं की शेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि चीर तिथूनच सुरू होते. डोक्याला भोक पाडून कडी घाला. आणि पिन कडक केलीत तर हिचचं (पिन ज्या जोडणीत बसते तिचं) भोक आधी झिजेल, त्यात बदलता येईल असा बुश (आतली नळी) बसवून घ्या.