गॅरेजच्या वायरिंगमध्ये 68,500 रुपयांना गंडवलं, अर्थिंग तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका

अर्थिंगचे (गळणारा करंट जमिनीत उतरवणारी जोडणी) 9,500. चार स्क्वेअर एमएम वायरच्या तीन बंडलांचे 21,600. डीबी (खटके बसवायची पेटी), एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारे खटके), सॉकेट 11,400. मजुरी 26,000. एकूण 68,500 रुपये, आणि त्यात खरा माल निघाला तो फक्त डीबीचा.

प्लॅन मी अडाण्यासारखा केला नव्हता, हे आधीच सांगतो. दोन एचपीचा कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीन वेगवेगळ्या सर्किटवर, दिवे तिसऱ्यावर (मशीनचा एमसीबी पडला तर फिरत्या ड्रिलसमोर अंधार नको म्हणून), 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा खटका), सगळं कागदावर काढून दिलं होतं. कंत्राटदार कागद बघून म्हणाला, "साहेब, तुम्हाला तर सगळंच कळतं." हे वाक्य ऐकलं की खिसा सांभाळा.

काम संपल्यावर मी म्हटलं, अर्थिंग दाखवा. त्याने आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं. खट्ट. "बघा, अर्थिंग एक नंबर!" आणि मी उरलेले 23,500 तिथल्या तिथे मोजून दिले. अरे, ते बटण अर्थिंग तपासतच नाही! आतल्या आत थोडा करंट वळवून खटका पडतो की नाही, एवढंच ते बघतं. अर्थची वायर मुळात जोडलेलीच नसली तरी तो पडणारच. हे मी वाचलेलं होतं हो, माहीत होतं. पण कामगार हात पुसत पैशांची वाट बघत उभे असताना होल्डर-बल्ब घेऊन कोण तपासत बसतं? तुम्ही बसला असता का?

पिलर ड्रिलला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या आणि कॉम्प्रेसरचं सॉकेट तपकिरी पडलं, तेव्हा दुसरा वायरमन बोलावला. त्याने फेज आणि अर्थमध्ये बल्ब धरला. अर्थिंग खरं असतं तर तेवढ्यावर आरसीसीबी पडला असता. इथे बल्बही पेटला नाही आणि आरसीसीबीही ढिम्म. बाहेर अर्थिंगच्या चेंबरचं झाकण उचललं तर आत वाळूत खोचलेला दीड फुटाचा पाइपचा तुकडा, आणि अर्थची हिरवी वायर त्याला क्लॅम्पसुद्धा न करता नुसती बाजूला सरकवलेली. मग त्याने सॉकेटमागची वायर ब्लेडने खरवडली. तांबं वरवरचं, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम.

90 मीटरच्या चार स्क्वेअरच्या बंडलात नुसतं तांबंच सव्वातीन किलोच्या आसपास भरतं. वजनकाट्यावर ठेवा. खोक्याबाहेर काढून आणलेलं बंडल घेऊच नका.

तक्रारीचं ऐका आता. वीज कंपनी म्हणते, मीटरच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा. पोलीस म्हणतात, पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत, हा दिवाणी मामला. वीज निरीक्षकांच्या कार्यालयात पहिला प्रश्न, "अपघात झालाय का?" नाही म्हटलं. "मग?" मग काय, कुणीतरी चिकटल्यावर येऊ का? अर्ज घ्यायलाही तयार नव्हते. साहेब नाहीत, नमुना वेगळा आहे, पोच मिळत नाही. ग्राहक तक्रारीला पक्कं बिल मागतात, आणि माझ्याकडे वहीचं फाडलेलं पान. पक्कं घेतलं तर टॅक्स लागेल, असं कंत्राटदार म्हणाला होता. पैसे वाचवायला कोण नाही म्हणतं? पण तुम्ही घ्या, आणि त्यावर वायरची कंपनी, जाडी, मीटर सगळं लिहून घ्या. अर्थिंगचा खड्डा बुजवण्याआधी फोटो काढा. अर्थ टेस्टरचं ओहममधलं रीडिंग सहीनिशी मागा; जो टाळाटाळ करेल त्याला तिथूनच वाटेला लावा.

आणि "आरसीसीबी आहे ना, मग अर्थिंग कशाला" असं सांगणारेही भेटतील. अर्थ नसेल तर तो तुमच्या अंगातून करंट गेल्यावरच पडतो.

सगळं उखडून नव्याने करायला आणखी 54,200 गेले. काढलेली वायर भंगारवाल्याने ब्लेड मारून बघितली, हसला, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भावाने 420 रुपये हातावर ठेवले.