फक्त पिस्तूल घेऊन पेंटबॉल : इंदूरच्या आमच्या टीमचा अनेक महिन्यांचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पाच जणांनी ठरवलं, इथून पुढे मोठं मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी मोठी बंदूक, हातात घ्यायचं नाही, फक्त पिस्तूल. आता उन्हाळा लागलाय आणि अजून तेच चालू आहे. टीममध्ये मी, धाकटा भाऊ, मामेबहीण आणि रामबागेतले दोन मित्र. खेळतो बायपासच्या पलीकडच्या एका मैदानावर, रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. समोर कधी पिस्तूलवालेच असतात, कधी हॉपर, म्हणजे गोळ्यांचा मोठा डबा, लावलेली मार्कर घेतलेले. दोन्हींशी खेळून जे खरोखर उपयोगी ठरलं तेवढंच लिहितो.

आधी गोळ्यांचा हिशेब, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. आमची पिस्तुलं ०.६८ इंचाची, म्हणजे मोठ्या मार्करची असते तीच गोळी. एका मॅगझिनमध्ये सात बसतात. प्रत्येकाकडे चार मॅगझिन, म्हणजे २८. पाच जणांच्या मिळून १४०. समोरच्या एका खेळाडूच्या हॉपरमध्येच २०० मावतात. थोडक्यात, अख्ख्या टीमकडे समोरच्या एकट्याइतकीही गोळी नसते. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की खेळण्याची पद्धत आपोआप बदलते. गोळ्या माझ्या नाहीत, टीमच्या आहेत. मी घाईने उडवलेली गोळी माझ्या बहिणीच्या वाट्याची होती, असं धरून खेळावं लागतं. पिस्तुलाच्या खेळातली सगळी मजा मला यातच वाटते.

या खेळाची सुरुवातही पिस्तुलानेच झाली होती. २७ जून १९८१ ला अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जण पहिला सामना खेळले. त्यांच्या हातात होतं नेलस्पॉट ००७, झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला वापरायचं पिस्तूल. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने म्हणे एकही गोळी झाडली नाही. नुसता लपतछपत गेला आणि झेंडे गोळा करून आला. आमच्या टीममध्ये नवा कुणी पाहुणा खेळाडू आला की मी त्याला हे आवर्जून सांगतो.

आता डावपेच. आमची मांडणी दोन-दोन-एक अशी. दोन जोड्या आणि मध्ये एक मोकळा माणूस. जोडीचा नियम एकच : दोघांची मॅगझिन एकाच वेळी रिकामी होता कामा नये. कागदावर सोपं दिसतं, प्रत्यक्षात फार अवघड, कारण समोरून रंग यायला लागला की दोघंही एकदमच झाडायला लागतात. आम्ही यावर उपाय केला तो असा. जोडीतला पुढचा झाडतो, मागचा फक्त बघतो. पुढच्याने पाचवी गोळी झाडली की तो ओरडतो, ‘दोन!’ म्हणजे दोन उरल्या. तिथून मागचा तयार. मग ‘भरतोय!’ आणि त्याच क्षणी मागच्याची पहिली गोळी सुटते. भरून झालं की नुसतं ‘झालं’ म्हणायचं नाही, ‘सात!’ म्हणायचं. आकडा कानावर पडला की शंका राहत नाही.

डिसेंबरमधला एक डाव सांगतो, म्हणजे नीट कळेल. मामेबहीण टायरच्या थप्पीमागे उजव्या गुडघ्यावर, मी तिच्या मागे चार पावलांवर ड्रमाआड. समोर पंधरा-सोळा मीटरवर लाकडी फळ्यांमागे दोघं. तिने दोन झाडल्या, थांबली, परत दोन. मग एक. ‘दादा, दोन!’ मी डावीकडून डोकावलो. ‘भरतेय!’ म्हणाली तसा समोरचा एक लगेच उठला, कारण त्यानेही ऐकलं होतं. तो फळीच्या कडेला दिसला मात्र, माझी गोळी त्याच्या खांद्यावर फुटली. तो पडला तो आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवून. आणि तिच्या पिस्तुलात दोन गोळ्या खरंच होत्या, मॅगझिन तिने बदललंच नव्हतं. ‘भरतेय’ हे कधी खरं आणि कधी फसवं, ते जोडीतल्या दोघांनाच माहीत असतं : ओरडायच्या आधी तिने डावा हात जमिनीला टेकवला, तर ते फसवं. हात मागच्यालाच दिसतो, समोरच्याला नाही.

इंदूरमध्ये मराठीत ओरडून काही लपत नाही, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. समोरच्या टीममध्ये लोकमान्य नगरसारख्या मराठी वस्तीतला एक तरी निघतोच. म्हणून आवाजातलं सगळं समोरच्याला कळतंय असं धरूनच खुणा ठरवाव्यात.

समोरच्याच्या गोळ्या मोजणं ही निम्मी लढाई. पिस्तूलवाल्यांशी खेळताना प्रत्येक बंकरमागून, म्हणजे आडोशामागून, किती आवाज आले ते एकाने मोजायचंच. आमच्याकडे हे काम मधल्या मोकळ्या माणसाचं. तो जवळजवळ झाडत नाही. सात आवाज झाले आणि शांतता पडली की तो नुसतं ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणतो आणि त्या बाजूची जोडी पुढच्या आडोशापर्यंत पळते. मॅगझिन बदलायला सरावलेल्या हातालाही तीन-चार सेकंद लागतात, घाबरलेल्याला जास्त. तेवढ्यात आठ-दहा मीटर सहज निघतात. चांगल्या टीम मात्र सातवी गोळी राखून ठेवतात, सहानंतर गप्प बसतात. म्हणून सातवा आवाज ऐकल्याशिवाय आम्ही धावत नाही. ज्याला हे मोजायला बसवाल तो शांत डोक्याचा हवा. नेमबाजी बेताची असली तरी चालेल. आमच्याकडे ते माझा भाऊ करतो, आणि मोठी मार्कर घेऊन खेळायचो तेव्हा हाच मुलगा सर्वांत आधी बाद व्हायचा.

नेमाबद्दल. पिस्तूल हात लांब करून धरता येतं, त्यामुळे मास्क मध्ये येत नाही आणि साइट, म्हणजे नेम धरायची खूण, खरोखर वापरता येते. मोठ्या मार्करवर मागच्या दस्त्याला गाल टेकवायला जावं तर मास्क आडवा येतो. पंधरा मीटरपर्यंत आमची बहुतेक गोळी माणसावर लागते, वीसनंतर भरवसा नाही, आणि लांबून लागलेली गोळी पुष्कळदा न फुटता उडून जाते. फुटली नाही तर बाद नाही. म्हणून वीस मीटरच्या पुढे झाडायचं नाही हा आमचा कडक नियम. दुसरा फायदा असा की पिस्तूल डाव्या हातातही तितकंच चालतं. बंकरच्या उजव्या कडेला उजवा हात, डाव्या कडेला डावा, म्हणजे शरीर आत राहतं. डाव्या हाताचा सराव घरी रिकाम्या पिस्तुलाने, गॅस काढून, रोज थोडा तरी करावा. आणि एकाच जागेवरून दोनदा डोकावू नये. वर, मग खाली, मग कडेने, असं बदलत राहावं.

हॉपरवाल्यांसमोर उघड्यावर उभं राहण्यात काही अर्थ नाही. ते सेकंदाला आठ-दहा गोळ्या सोडून तुम्हाला बंकरमागे दाबून ठेवतात आणि दुसरा फिरून येतो. तिथे आमचा एकच मार्ग : मैदानाची झाडी असलेली बाजू धरायची, एक जोडी मुद्दाम दिसू द्यायची आणि थोड्या गोळ्यांत त्यांना गुंतवून ठेवायचं, दुसरी जोडी न झाडता पुढे सरकते. दहा मीटरच्या आत पोचलो की हॉपरचा फायदा संपतो. तिथे हलका हात आणि लहान नळी जिंकते. तीन मीटरच्या आत मात्र झाडायच्या आधी शरण यायला सांगायचं, हा मैदानाचा नियम आहे आणि तो पाळावाच. इतक्या जवळून गोळी खरंच लागते.

गॅसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या हवेत सर्वांत जास्त फरक याने पडतो. बारा ग्रॅमच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतुसात द्रवरूप वायू असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला माळव्यात हात गारठतात तेव्हा दाब कमी, गोळी आधीच खाली येते. त्यात भराभर झाडलं की काडतूस आणखी थंड होतं आणि पाचवी-सहावी गोळी लंगडते. म्हणून थंडीत दोन गोळ्यांमागे श्वासभर थांबायचं आणि काडतुसं शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायची. उन्हाळ्यात उलटं. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहूच शकत नाही, दाब चढत जातो आणि गोळीचा वेगही. आमच्या मैदानावर सेकंदाला २८० फुटांची मर्यादा आहे आणि जानेवारीत मर्यादेच्या खूप खाली असलेलं पिस्तूल एप्रिलमध्ये दहा वाजता तिच्या वर गेलेलं मी क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, पाहिलंय. उन्हाळ्यात प्रत्येक डावाआधी वेग मोजून घ्या. एका काडतुसावर आम्ही तीन मॅगझिनच्या वर जात नाही. तिसऱ्याच्या शेवटच्या गोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा आधीच बदललेलं बरं. नवं काडतूस घालताना तोंडाशी तेलाचा एक थेंब लावला की आतली रबरी रिंग टिकते.

पावसाळ्यात गोळ्याच त्रास देतात. वरचं कवच जिलेटिनचं, ते दमटपणा ओढतं, गोळी फुगते, अंडाकृती होते आणि नळीतच फुटते. डबा हवाबंद ठेवा, लागतील तेवढ्याच काढा. आदल्या रात्री मॅगझिन भरून ठेवू नका, स्प्रिंगच्या दाबाने गोळीला चपटा डाग पडतो. आणि आपली काळी माती! ओल्या मैदानात गुडघ्यावर बसलं की तीच माती हाताला, तिथून मॅगझिनच्या तोंडाला. रिकामं मॅगझिन जमिनीवर टाकायचं नाही, कमरेच्या मोकळ्या पिशवीत टाकायचं, हे पावसाळ्यातच कायमचं अंगवळणी पडलं. भरलेली मॅगझिन डाव्या बाजूला तोंड खाली करून, रिकामी उजव्या मागच्या पिशवीत. सगळ्यांचं सारखंच ठेवा, म्हणजे बाद झालेल्याला जाता जाता आपली मॅगझिन दुसऱ्याला देता येतील… नाही, ते आमच्या मैदानावर चालत नाही, तुमच्या मार्शलना, म्हणजे मैदानावरच्या पंचांना, आधी विचारा.

सुरक्षेबाबत मी अजिबात ढील देत नाही. गोळी साधारण तीन ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास. डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो. मास्क पेंटबॉलचाच हवा, एएसटीएम एफ१७७६ हे मानक बघून घ्या, बाइकचा गॉगल चालणार नाही. काच धुकटली तरी मैदानात मास्क उचलायचा नाही, हात वर करून बाहेर यायचं. नळीवर कापडी टोपी चढवूनच बाहेर. आणि ही पिस्तुलं लांबून अगदी खरी दिसतात, तेव्हा ने-आण बंद पेटीत, डिकीत. वाटेत चहाला थांबलात तर दाखवायला बाहेर काढू नका.

न आवडलेल्या गोष्टी पण आहेत. मॅगझिन महाग पडतात आणि त्यांच्या स्प्रिंगा अधूनमधून ढिल्या होतात. भाड्याच्या पिस्तुलांमध्ये दोन पिस्तुलं कधीच सारखी झाडत नाहीत, म्हणून शक्य असेल तर दर वेळी तेच मागून घ्या. आणि एकट्याने सामील होणाऱ्याला हा प्रकार सुचवणार नाही. ओळखीची जोडी नसेल तर २८ गोळ्या दोन मिनिटांत संपतात आणि बाकी डाव नुसतं लपण्यात जातो. गोळ्यांचा खर्च मात्र निश्चित कमी झाला.

सध्या अडलोय ते मैदानाच्या कोपऱ्यातल्या मचाणापाशी. तिथे वर एक हॉपरवाला बसला की वीस मीटरच्या आत जायला आडोसाच नाही. गेल्या काही डावांपासून आम्ही दोन्ही जोड्या दोन बाजूंना लांब पसरतो. एका बाजूने दोन गोळ्या, मग दुसऱ्या बाजूने दोन, म्हणजे त्याला सारखं वळावं लागतं, आणि तेवढ्यात भाऊ मचाणाच्या पायाशी जायचा प्रयत्न करतो. वीस मीटरचा नियम इथे मोडावा लागतो. अजून निम्म्या वेळा तो वाटेतच बाद होतो. कुणी यापेक्षा चांगलं काही करत असेल तर जरूर लिहा, पुढच्या रविवारी करून बघू.