लांगेच्या टेकड्यांवर, न पिणाऱ्या ताईसोबत: तीन वायनरींचा अनुभव

ताई वाईन पीत नाही. आजवर घोटभरही घेतलेली नाही. पण तिचं सासर द्राक्षबागायतदारांचं आणि तीस वर्षं तिने स्वतः बाग सांभाळलेली. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीतल्या पिएमोंतेला जायचं ठरलं, तेव्हा मी तिलाच बरोबर घेतलं. मला तिथली बारोलो ही लाल वाईन प्यायची होती, तिला बाग बघायची होती. पाच दिवसांत आम्ही तीन वायनरी पाहिल्या. तिन्ही ठिकाणी स्वतःला 'घरची' म्हणवतात. त्यातली खरोखर घरची कोणती, हे मला वाईनच्या चवीपेक्षा ताईला मिळालेल्या वागणुकीवरून जास्त कळलं. न पिणाऱ्या पाहुण्याला दाखवण्यासारखं ज्यांच्याकडे काही असतं, तिथेच जावं असं आता माझं पक्कं मत झालं आहे.

आल्बा या छोट्या शहराच्या भोवती लांगेच्या टेकड्या पसरल्या आहेत. बारोलो इथल्या अकरा गावांच्या हद्दीतच होते आणि तीही फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची. उन्हाकडे तोंड असलेल्या उतारावर द्राक्षं आणि सावलीच्या बाजूला हेझलनटची झाडं, अशी सगळी मांडणी. २०१४ साली युनेस्कोने इथल्या द्राक्षमळ्यांचा जागतिक वारशात समावेश केला. नकाशावर गावं हाताच्या अंतरावर दिसतात, पण रस्ते इतके वळणावळणाचे की पंधरा किलोमीटरला अर्धा तास सहज जातो.

पहिली वायनरी सेर्रालुंगा द'आल्बा गावाच्या खालच्या अंगाला. सात हेक्टर, म्हणजे साधारण सतरा एकर बाग. सत्तरी ओलांडलेले बाबा, दोन मुलगे आणि थोरली सून, एवढ्यांचा कारभार. महिनाभर आधी ईमेल केला होता. सुनेने तीन ओळींत उत्तर पाठवलं: तोडणी चालू असेल, तेव्हा वेळ कमी मिळेल, चालत असेल तर सकाळी दहाला या. स्वागतकक्ष वगैरे काही नाही. अंगणात ट्रॅक्टर उभा, लाल प्लास्टिकचे क्रेट धुऊन पालथे घातलेले आणि हवेत आंबणाऱ्या रसाचा वास. थोरल्या मुलाची बोटं द्राक्षाच्या रसाने काळी पडली होती, म्हणून त्याने हस्तांदोलनाला मनगट पुढे केलं.

तळघरात नेण्याआधी त्यांनी आम्हाला बागेत नेलं. उतार इतका उभा की ताईने माझा दंड धरला. पण पहिल्या वेलापाशी पोचली आणि दंड सोडून खालीच बसली. बाबांना इंग्रजी अजिबात येत नाही, ताईला इटालियन. सून दुभाषी म्हणून उभी होती, पण तिचं फारसं काम पडलं नाही. ताईने एक काडी हातात घेतली, त्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, बोटाने मोजले आणि बाबांकडे बघून भुवया उंचावल्या. बाबा वाकले. खोडाजवळच्या डोळ्यापासून मोजायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येकावर बोट ठेवून मान नकारार्थी हलवली. त्यापुढच्या प्रत्येक डोळ्यावर बोट ठेवून होकारार्थी. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, खालचे डोळे वांझ आहेत यांचे. म्हणून इतकी लांब काडी राखतात." नेब्बिओलोचं हे वैशिष्ट्य मी वाचलेलं होतं: बुडाचे डोळे फळ देत नाहीत, म्हणून छाटणीत आठ-दहा डोळ्यांची काडी ठेवून ती तारेवर आडवी बांधतात. पण वाचलेलं आणि असं बोटाने मोजून दाखवलेलं, यात फार अंतर आहे.

मग बाबांनी एका काडीवरचे वण दाखवले. एकाच बाजूला, खवल्यासारखे. ताई लगेच म्हणाली, "गारा." त्या उन्हाळ्यातल्या गारपिटीने त्यांच्या एका तुकड्यातलं बरंच पीक नेलं होतं. पुढची दोन-तीन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. गारपीट म्हणजे काय, हे त्या दोघांना एकमेकांना सांगायची गरज नव्हती.

ताईला सगळ्यात नवल वाटलं ते उत्पादनाचं. बारोलोच्या नियमांनुसार हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन द्राक्षं घेता येतात. एकराला सव्वातीन टन. खायच्या द्राक्षांत आयुष्य गेलेल्या बाईला हा आकडा खरा वाटेना. तिने सुनेला पुन्हा विचारायला लावलं. ऐन उन्हाळ्यात घड कापून ते जमिनीवर टाकतात, उरलेल्यांत रस चांगला भरावा म्हणून, हेही बाबांनी सांगितलं. "विरळणी आपणही करतो, पण एवढी?" असं म्हणत ती ओळीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि परतताना घडातला एक मणी तोंडात टाकून बिया चावून बघत आली. बाबा त्याकडे लक्ष देऊन बघत होते. बी करकरीत तुटली की द्राक्ष तयार, ही खूण त्यांच्याकडेही तीच.

तळघर लहान आणि चांगलंच थंड. शाल न्या. मोठे लाकडी पिंप, त्यांना ते 'बॉत्ते' म्हणतात, २५०० लिटरचे, स्लाव्होनियन ओकचे. प्रत्येकाच्या डोक्यावर काचेचं एक भांडं बसवलेलं, त्यात वाईनची पातळी दिसते. लाकडातून वाईन सतत थोडी थोडी उडून जाते आणि रिकाम्या जागेत हवा शिरली तर माल बिघडतो, म्हणून दर आठवड्याला भर घालावी लागते. हे काम धाकट्या मुलाचं. बारोलो बाजारात आणण्याआधी निदान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. म्हणूनच २०२३ मध्ये आमच्यासमोर बाटली आली ती २०१९ ची. २०२१ ची अजून पिंपात होती. थोरल्याने काचेच्या नळीने तिचा घोटभर नमुना काढून दिला. सुपारी चघळल्यावर जीभ आखडते तशी आखडली. "अजून लहान आहे," एवढंच तो म्हणाला.

चवीसाठी पाच वाइन होत्या: दोल्चेत्तो, बार्बेरा, लांगे नेब्बिओलो आणि दोन बारोलो. बारोलोच्या बाटल्या त्यांनी आदल्या संध्याकाळीच उघडून ठेवल्या होत्या, हे मला फार आवडलं. ही वाईन उघडल्या उघडल्या मिटलेली असते, तिचा वास आणि चव लगेच खुलत नाही. दिसायला नेब्बिओलो फसवी. रंग फिका, कडेला विटकरी झाक. बघून वाटतं हलकी असेल. पण तोंडात गेली की हिरड्यांपर्यंत तुरटपणा पोचतो आणि तो ओसरला की मागे एक लांबलेला सुगंध राहतो. सेर्रालुंगाची माती चुनखडीची, घट्ट, आणि इथली बारोलो ला मोर्रा गावापेक्षा कडक असते, असं सगळे म्हणतात. दुसऱ्या दिवशी ला मोर्रात जेवताना तिथली एक घेतली, तेव्हा मलाही तो फरक जाणवला.

ताईसमोरही त्यांनी ग्लास ठेवला होता. सून म्हणाली, पिऊ नका, नुसता वास घ्या. ताईने संकोचत ग्लास नाकाशी नेला. मग दुसऱ्यांदा. म्हणाली, "गुलकंदाची बरणी उघडल्यासारखं वाटतंय." थोडं थांबून, "आणि डांबर. नव्या रस्त्याचं." मी भाषांतर केलं, तसे बाबा खुर्चीत सरळ बसले. नेब्बिओलोच्या वासाचं वर्णन करताना पिढ्यान्पिढ्या हेच दोन शब्द वापरतात, गुलाब आणि डांबर. ताईने ते कधी ऐकलेलं असण्याची शक्यताच नव्हती. बाबा उठून आत गेले आणि घरच्या झाडांचे भाजलेले हेझलनट वाटीभर आणून तिच्यापुढे ठेवले. चवीचे माणशी २० युरो होते. ताईचे त्यांनी घेतले नाहीत.

उणिवाही सांगायला हव्यात. तासाभराची भेट सव्वादोन तासांची झाली. मधेच धाकटा मुलगा द्राक्षांनी भरलेली ट्रॉली घेऊन आला आणि सगळे तिकडे धावले. आम्ही वीस-पंचवीस मिनिटं टेबलाशी दोघीच. मला त्याचं काही वाटलं नाही, तोडणीच्या दिवसांत माल थांबवून ठेवता येत नाही. पण त्याच दिवशी पुढची वेळ ठरवलेली असेल तर पंचाईत होईल. कार्ड मशीन चाललं नाही, रोख द्यावी लागली. बाटल्या घरपोच पाठवायची सोय त्यांच्याकडे नाही. साधी बारोलो ३८ युरो, लांगे नेब्बिओलो १६, दोल्चेत्तो १०. मी प्रत्येक बारोलोची एक आणि दोल्चेत्तोच्या दोन घेतल्या. दोल्चेत्तोकडे दुर्लक्ष करू नका. इथली माणसं रोजच्या जेवणात तीच पितात आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात मळलेल्या तायारिन शेवयांबरोबर ती बारोलोपेक्षा बरी लागते.

दुसऱ्या वायनरीबद्दल थोडक्यात. नाव लिहीत नाही. मोठ्या रस्त्यावर, भलीमोठी पाटी, पाटीवर कुटुंबाच्या चार पिढ्यांचा उल्लेख. मालकी कुटुंबाची असेलही, पण त्यातलं कोणी आम्हाला दिसलं नाही. चौदा जणांचा गट, माणशी ३५ युरो, ताईचेही पूर्ण. तिच्यापुढे तासभर रिकामा ग्लास होता आणि पाणीसुद्धा मागून घ्यावं लागलं. माहिती सांगणारी मुलगी गोड होती, पण तिचं सगळं पाठ केलेलं. ताईने विचारलं, खुंट, म्हणजे कलमाखालचा मुळांचा भाग, कोणता वापरता? युरोपात फायलोक्सेराच्या किडीने एकोणिसाव्या शतकात बागा उद्ध्वस्त केल्यापासून वेल अमेरिकी खुंटावर बांधतात, म्हणजे बागेचा पायाच तो. ती माहिती आपल्याकडे नसल्याचं मुलीने सांगितलं आणि विचारून सांगते असंही म्हणाली नाही. बारोलो त्याच क्षणी उघडलेली आणि गार. शेवटी बाटल्यांची मागणी नोंदवायचे फॉर्म. वाईन वाईट नव्हती. पण ती दुकानातूनही घेता आली असती.

तेव्हा आधीच दोन गोष्टी बघून घ्या. लेबलवर 'अझिएंदा अग्रीकोला' असेल तर द्राक्षं त्यांच्या स्वतःच्या बागेतली असतात. आणि ईमेलमध्ये सरळ विचारा, आम्हाला कोण दाखवणार? घरातलं माणूस दाखवणार असेल तर ते तसं आनंदाने लिहितात. अगोदर न कळवता जाऊ नका. दुपारी साडेबारा ते अडीच जेवणाची वेळ असते, रविवारी बरीच घरं बंद असतात. दिवसाला एकच भेट ठेवा, फार तर दोन. गाडी चालवणाऱ्याने घोट थुंकायचाच. त्यासाठी टेबलावर भांडं असतं आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, परवाना तीन वर्षांच्या आतला असेल तर शून्य. बारोलो चौदा टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या वळणांवर कठडे सगळीकडे नाहीत.

तिसरी वायनरी पूर्वेला, बेल्बो नदीच्या खोऱ्यात, कनेल्लीच्या अलीकडे. मायलेकी दोघी मिळून मोस्कातो द'आस्ती करतात. गोड, मंद फसफसणारी आणि जेमतेम पाच-साडेपाच टक्क्यांची वाईन. द्राक्षं सप्टेंबरातच तोडून झाली होती. रस काढून तो शून्य अंशाच्या आसपास टाक्यांत ठेवतात, म्हणजे आंबायला सुरुवातच होत नाही. मागणी येईल तसा थोडा थोडा रस बंद टाकीत आंबवतात आणि हवा तेवढा फेस व अल्कोहोल झाला की पुन्हा थंड करून, गाळून थांबवतात. त्यामुळे बाटली ताजी असते आणि ती वर्षभरात संपवावी, ठेवून काही फायदा नाही.

माझ्यासाठी मोस्कातो ओतल्यावर आईने ताईकडे बघितलं, ताईने नेहमीप्रमाणे हात आडवा केला. आई काही न बोलता टाकीपाशी गेली आणि तोटीतून ग्लासभर गढूळ, पिवळसर रस काढून आणला. न आंबलेला, बर्फासारखा थंड. त्या पाच दिवसांत ताईने पहिल्यांदा ग्लास ओठाला लावला. संत्र्याच्या फुलांचा वास आणि पिकलेल्या पेअरची गोडी, असं मी लिहीन. ती म्हणाली, "द्राक्षाला एवढा वास असतो होय," आणि दुसरा ग्लास मागितला. इथे चवीचे पैसे नव्हतेच. ११ युरोची बाटली, आम्ही तीन घेतल्या आणि दोन त्याच आठवड्यात संपवल्या, म्हणजे मीच.

सेर्रालुंगाच्या सुनेला मी आभाराचा ईमेल पाठवला. तिचं उत्तर आलं त्यात माझ्यासाठी एक ओळ होती, बाकी सगळं ताईला. बाबांनी विचारलंय की तुमच्याकडे छाटणीनंतर डोळ्यांना काय लावतात. छाटणी आमच्याकडे हिवाळ्यात चालते, फेब्रुवारीत या, कात्री देऊ. ताईने दोन दिवस लावून उत्तर मला सांगितलं, मी ते इंग्रजीत लिहिलं. आता ती फेब्रुवारीची तिकिटं बघते आहे.