1924 चे बोनस प्रमाणपत्र: वारसांच्या सोयीचे, सैनिकाच्या गैरसोयीचे

अमेरिकी काँग्रेसने मे 1924 मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी सेवेच्या भरपाईचे, म्हणजे बोनसचे, जे प्रमाणपत्र काढले, त्याचे परीक्षण विमा पॉलिसीच्या निकषांवरच करायला हवे, कारण व्यवहारात ती वीस वर्षांची पॉलिसीच होती. पहिले 60 दिवस वगळून देशातील सेवेचा दिवसाला 1 डॉलर, परदेशातील सेवेचा सव्वा डॉलर, आणि कमाल मर्यादा अनुक्रमे 500 व 625 डॉलर, असा हिशेब होता. 50 डॉलरपर्यंतचे देणे रोखीने चुकते झाले. बाकीच्यांच्या हाती कागद आला. थांबण्याबद्दल 25 टक्के वाढ आणि 4 टक्के चक्रवाढ व्याज धरल्याने दर्शनी रक्कम सरासरी 1,000 डॉलरच्या आसपास जाई. परतावा म्हणून हे वाईट नाही.

खोट मुदतीत होती. पैसे मिळणार 1945 मध्ये, किंवा धारक त्याआधी वारला तर त्याच्या वारसांना; ‘थडग्याचा बोनस’ हे नाव त्याला उगाच पडले नव्हते. धारकाला हप्ता भरावा लागत नव्हता, असे समर्थन करता येईल, पण तो हप्ता त्याने खंदकांत आधीच भरलेला होता. मंदीत काम गेल्यावर उरली प्रमाणपत्र तारण ठेवून कर्ज काढण्याची सोय. 1931 मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांचा नकाराधिकार फेटाळून तिची मर्यादा दर्शनी रकमेच्या निम्म्यापर्यंत वाढवली गेली, मात्र कर्जावर व्याज होतेच. म्हणजे स्वतःच्याच अडकलेल्या पैशासाठी सैनिकाने सरकारला व्याज द्यायचे.

तक्रार निवारणाबद्दल बोलायलाच नको. 1932 च्या उन्हाळ्यात वॉल्टर वॉटर्स यांच्या नेतृत्वाखाली हजारो माजी सैनिक प्रमाणपत्राचे पैसे लगेच मागायला वॉशिंग्टनला आले आणि त्यांतील बहुतेकांनी तिथल्या अनाकोस्टिया नदीकाठच्या चिखलात तळ ठोकला. हे पैसे तत्काळ देण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण 17 जूनला सिनेटने ते 62 विरुद्ध 18 मतांनी फेटाळले. पुढे घरी परतण्यासाठी जे भाडे देऊ केले, तेही प्रमाणपत्राच्या रकमेतूनच वळते होणार होते. 28 जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघा माजी सैनिकांचा जीव गेला, आणि त्याच दिवशी लष्करप्रमुख मॅकआर्थर घोडदळ व रणगाडे घेऊन त्यांना हुसकावायला उतरले.

जानेवारी 1936 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचाही नकाराधिकार मोडून काँग्रेसने प्रमाणपत्रांच्या बदल्यात 50 डॉलरचे रोखे दिले, जे लगेच वटवता येत किंवा 3 टक्के व्याजासाठी ठेवता येत. निवड धारकाची असल्याने या रोख्यांना पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. मूळ प्रमाणपत्राला दोन, तेही वारसांच्या तरतुदीमुळे.