माहिती खरी, टोकन खोटं

न्यूजर्सीत राहायला आल्यापासून मला जुन्या व्यापारी टोकनांचा, म्हणजे दुकानदारांच्या नावाने पाडलेल्या नाण्यासारख्या चकत्यांचा, नाद लागलाय. परवा एका नाणेप्रदर्शनात असंच एक टोकन घेऊन १४० डॉलरला गंडलो. या नादातले बाकीचे तरी वाचावेत म्हणून लिहितोय.

विकणारे काका लाघवी. म्हणाले, कनेक्टिकटमधलं वॉटरबरी हे पितळकामाचं गाव, आणि तिथले स्कोव्हिल कंपनीवाले मूळचे बटणवाले. ठसे, दाबयंत्रं घरचीच, त्यामुळे दुकानदारांची नावं घालून तांब्याची टोकनं पाडणं त्यांना जड नव्हतं. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं, लोकांनी नाणी दडवली, आणि सेंटएवढी ही टोकनं सुट्टे म्हणून चालली.

यातलं काहीच खोटं नव्हतं. मला आधीपासून ठाऊक असलेलंच ते सांगत होते, मी मान डोलवत होतो, आणि भिंग खिशातच राहिलं!

घरी दिव्याखाली धरलं तेव्हा उजेड पडला. ठशाने पाडलेल्या टोकनाची अक्षरं झिजली तरी कडेला धार राखतात. याची अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी. सपाटीवर सुईने टोचल्यासारखे खड्डे. कडेवरून नख फिरवलं तर मधोमध रेघ लागली, तीही कानशीने घासलेली. म्हणजे ठशाने पाडलेलं नाही, सरळसरळ साच्यातलं ओतकाम. वजन जेमतेम ८ ग्रॅम. त्या काळचा सरकारी सेंट पावणेअकराच्या पुढे असायचा. (नुसत्या वजनावर जाऊ नका. खाजगी माल तो, अस्सल टोकनंही कमीजास्त भरतात.)

सगळ्यात वाईट मागच्या बाजूला होतं. तिथे बोटाच्या पेराएवढा भाग जास्तच गुळगुळीत. १९७३ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे नकली नाण्या-टोकनांवर ‘कॉपी’ असा शिक्का लागतो. तिरकं धरलं तर त्यातल्या इंग्रजी ‘ओ’ची गोलाई पुसट दिसते. बनवणाऱ्याने प्रामाणिकपणे नक्कलच बनवली होती. तो शिक्का घासून काढायची लबाडी नंतर कुणीतरी केली. काकांनीच, असं मी छातीठोक म्हणू शकत नाही.

पावती काढून फोन लावला. काका शांतपणे म्हणाले, “पावतीवर काय लिहिलंय ते वाचा.” वाचलं. ‘जुनी वस्तू, एक नग, १४० डॉलर.’ स्कोव्हिलचं नाव नाही, साल नाही, ‘अस्सल’ तर नाहीच. पैसे देण्याआधी एवढे तीन शब्द लिहून मागितले असते, तर त्यांचं पेन अडखळलं असतं का, हे तिथल्या तिथे कळलं असतं.