चार इंजेक्टरचे 41,800 घेतले, बदलला एकही नाही

जुनी डिझेल गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा, विशेषतः जळगाव-धुळे पट्ट्यातल्यांनी. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार दाखल आहे. बाकी सगळं जसं घडलं तसं आणि आकड्यांसकट सांगतो.

माझी 2012 ची स्विफ्ट डिझायर डिझेल, सेकंडहँड घेतलेली. एप्रिलच्या उन्हात त्रास सुरू झाला. सकाळी गार इंजिन एका सेल्फला चालू व्हायचं, पण दुपारी पारोळ्याच्या बाजारात दहा मिनिटं बंद ठेवली की नुसता सेल्फ फिरायचा. टाकीत 650 रुपयांची क्लीनरची बाटली ओतून पाहिली, काही फरक नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली होती, शिरपूरहून बहिणीला माहेरी आणायचं होतं. म्हणून ओळखीतल्याच एकाने सुचवलेल्या, जळगावच्या हायवेलगतच्या गॅरेजवर गाडी नेली.

मालक गोड बोलणारा. "भाऊ, तुमनी गाडी म्हणजे मनीच गाडी." स्कॅनर लावला आणि लगेच सांगितलं, चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) गेले. आधी टेस्टिंग करा, रिपोर्ट दाखवा, मग बघू, असं मी स्पष्ट बजावलं होतं. रिपोर्ट आलाही. तो कागद आजही माझ्याजवळ आहे आणि पाहिला की डोकं भडकतं.

चारही इंजेक्टरसमोर बॅक-लीकचा, म्हणजे न फवारता मागे परत जाणाऱ्या डिझेलचा, एकच आकडा: 28, 28, 28, 28. लाखाच्या वर किलोमीटर चाललेल्या गाडीचे चार इंजेक्टर इतके सारखे झिजत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कागदाच्या कोपऱ्यात छापलेली वेळ, सकाळचे 10:12. माझी गाडी गॅरेजवर पोचलीच साडेअकराला! मी तिथेच विचारलं. गॅरेजचा पोरगा म्हणाला, "मशीनचं घड्याळ मागे आहे भाऊ." रिपोर्ट माझ्या गाडीचा नव्हताच आणि पोराच्या त्या एका वाक्यावर 41,800 रुपये गेले. त्याच क्षणी गाडी उचलायला हवी होती, असं आता सगळे मला सांगतात. पण इंजेक्टर खोलून बाजूला पडलेले, बाहेर अंगाची लाही होतेय, सोबत वडील बसलेले. उघडं इंजिन घेऊन माणूस जाणार कुठे? हे लोक आधी गाडी खोलतात आणि मग भाव सांगतात, ते याचसाठी.

बिल असं: 8,500 प्रमाणे चार इंजेक्टर 34,000, टेस्टिंग 2,400, तांब्याचे वायसर 400, मजुरी 3,500, कोडिंग (नव्या इंजेक्टरवरचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरणं) 1,500. वीस हजार युपीआयने दिले, 21,800 रोख मागितले. बिल कच्चं, त्यावर जीएसटी नंबर नाही. जुने इंजेक्टर मागितले तर म्हणे, एक्स्चेंजला गेले. रिकंडिशनच्या धंद्यात जुना माल परत घेतात हे खरं आहे, म्हणून मी मानलं. ज्याला हे माहीत आहे, तोही मानेल.

संध्याकाळी गाडी गोड चालली. दुसऱ्या दिवशी शिरपूरहून बहीण आणि भाचे घेऊन निघालो, सोनगीरला चहाला थांबलो आणि भर दुपारी गाडी पुन्हा मेली. टोइंग करून धुळ्याला नेली, 1,800 रुपये.

धुळ्यात पंप-नोझलचं काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्तरींनी माझ्यासमोर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (डिझेल परत जाण्याच्या तोंडाला) पारदर्शक नळ्या आणि चार बाटल्या लावल्या. सेल्फ मारला. तीन बाटल्यांत तळाशी जेमतेम डिझेल, तिसऱ्या नंबरची भराभर चढत गेली. एवढीच टेस्ट. एकच इंजेक्टर रिटर्नला डिझेल सोडत होता. गरम डिझेल पातळ होतं, गळती वाढते, रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर बनत नाही, म्हणून दुपारीच रडारड. नंतर त्यांनी इंजेक्टरच्या डोक्यावरचे कोड पुसून वाचले. गाडी घेताना केलेल्या स्कॅनिंगचा कागद माझ्या फाईलमध्ये होता. चारही कोड तेच! कोडिंगचे 1,500 घेतले, ते कशाचे? इंजेक्टर बाहेरून तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केले होते. नोझलची भोकं केसासारखी बारीक असतात, तिथे तारेचा ब्रश लावायचाच नसतो. वायसरही जुनेच, तिसऱ्याच्या बुडाशी काळी राख जमलेली.

धुळ्याचं बिल 6,750: नोझल आणि व्हॉल्व्ह 4,200, टेस्टिंग 1,400, वायसर 150, मजुरी 1,000. त्यानंतर भर मे महिन्यात गाडी एका सेल्फला चालू होते आहे.

परत जळगावला गेलो तर मालक ओळख दाखवायला तयार नाही. पोलीस ठाण्यात गेलो. तिथे कागदाकडे न बघताच उत्तर: हा दिवाणी मामला आहे. खोटा रिपोर्ट दाखवून पैसे उकळले, यात दिवाणी काय आहे? अर्ज घ्या, पोच द्या म्हटलं तर साहेब बंदोबस्तात. पुन्हा गेलो तर हद्द आमची नाही. ज्यांची हद्द म्हणून पाठवलं, ते म्हणाले गॅरेजवाल्याशी बसून मिटवून घ्या. रोख 21,800 ची पावती आहे का, असं मलाच दरडावून विचारलं. चोराला कोणी बोलावलं नाही, मी मात्र गुन्हेगारासारखा बाकावर बसून. शेवटी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, म्हणजे निदान पोच तरी हातात राहते. तुम्हीही पोच मिळेल अशा पोस्टानेच पाठवा.

इंजेक्टर काढण्याआधी बाटल्यांची टेस्ट आपल्यासमोर करायला लावा. कोडचे फोटो आधी आणि नंतर, दोन्ही वेळी काढा. जुना माल एक्स्चेंजला जाणार असेल तरी जाण्याआधी डोळ्यांनी बघा. रोख देऊ नका. पक्कं बिल नाही तर पैसे नाहीत. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला एकाही ठाण्यात कोणी सांगितलं नाही.

41,800, टोइंगचे 1,800 आणि धुळ्याचे 6,750 मिळून 50,350 रुपये मी ग्राहक आयोगातल्या तक्रारीत मागितले आहेत. हायवेलगतच्या गॅरेजवरून असा रिपोर्ट तुमच्याकडेही आला असेल, तर आजच काढून त्यावरची वेळ आणि चार ओळींतले आकडे बघा. सारखे असतील तर कागद फेकू नका.