धाकट्या भावासोबत ए. ए.च्या सभांना: एका नातेवाइकाचा अभिप्राय

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ए. ए.च्या पुण्यातील सभांना मी गेले काही महिने धाकट्या भावासोबत जात आहे. दारू सोडायची आहे ती त्याला. मला फक्त कोणालाही येता येईल अशा खुल्या सभांना बसता येते, केवळ दारूचा त्रास असलेल्यांसाठीच्या बंद सभेच्या वेळी मी बाहेर थांबतो. सभेत जे ऐकले ते सभेतच ठेवायचे, हा तिथला संकेत मलाही लागू आहे, त्यामुळे इथे कोणाचीही कहाणी येणार नाही.

सभा शोधणे हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. ए. ए. स्वतःची जाहिरात करत नाही, आणि बहुतेक गट चर्चच्या सभागृहात, शाळेच्या वर्गात किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत तास-दीड तासापुरते भरत असल्यामुळे दारावर ठळक पाटीही नसते. जागा बदलली तरी यादीत जुनाच पत्ता राहतो. एका संध्याकाळी आम्ही कुलूप लावलेल्या वर्गासमोर उभे राहिलो. कसेबसे मन वळवून घराबाहेर आणलेल्या माणसाला परत फिरायला तेवढे निमित्त पुरते. म्हणून निघण्यापूर्वी ए. ए.च्या हेल्पलाइनला फोन करून सभा भरणार आहे ना, ती खुली आहे की बंद आणि कोणत्या भाषेत चालते, हे विचारून घ्यावे. फोन उचलणारा स्वयंसेवक स्वतः दारूतून बाहेर पडलेला असतो. आमच्या वेळी त्याने माझे सगळे शांतपणे ऐकले आणि मग विचारले, “ते स्वतः बोलतील का?” ही पद्धत मला आवडली, कारण तोवर घरात भावाबद्दल सगळेच बोलत होते, भावाशी मात्र कोणी बोलत नव्हते.

ही उपचारांची जागा नाही, हे जाण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे. इथे डॉक्टर नसतात, औषध मिळत नाही, कोणाला दाखल करून घेत नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर हातापायांना कंप सुटणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि ते जिवावर बेतू शकतात. तेव्हा अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यावे, सभा त्यानंतर. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण हे निवासी उपचारांचे केंद्र आहे, तर केंद्र सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर व्यसनमुक्तीविषयी निःशुल्क माहिती मिळते.

प्रत्यक्ष सभा साधी असते. प्रार्थना होते, उद्देशिका वाचली जाते आणि मग एकेक जण केवळ पहिले नाव सांगून स्वतःविषयी बोलतो. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, आणि आपल्याकडच्या कोणत्याही बैठकीत हे किती दुर्मीळ आहे हे वेगळे सांगायला नको. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. फी नाही, अर्ज नाही. खर्चासाठी डबा फिरतो, पण तो सभासदांपुरता. बाहेरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत हे त्यांचे तत्त्व असल्यामुळे मी पुढे केलेली नोट नम्रपणे परत आली.

गटागटांत मात्र बराच फरक आहे. एका गटात जुनी मंडळी आपसातच रमली होती आणि नवख्याकडे सभा संपेपर्यंत कोणी वळले नाही. दुसरीकडे चहाच्या वेळी दोघांनी भावाला बाजूला घेऊन स्वतःचे क्रमांक लिहून दिले आणि रात्री अपरात्री प्यावेसे वाटले तर आधी फोन कर, असे बजावले. त्याला आता तिथेच स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सभासद, मिळाला आहे. पहिला गट रुचला नाही म्हणून ए. ए. सोडू नये, गट बदलावा.

ए. ए.चा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांचा आहे, त्यांमध्ये देवाचा उल्लेख वारंवार येतो आणि नास्तिक माणसाला तो खटकतो, मलाही खटकला. ‘आपल्याला उमगलेला देव’ अशी सवलत त्यांनी ठेवली आहे आणि भावाने गटालाच स्वतःहून मोठी शक्ती मानले, त्यामुळे त्याचे अडले नाही. परिणामाविषयीची माझी शंका वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधील आढाव्याने बरीच कमी केली: २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक सहभागी यांच्या आधारे, माणसाला पद्धतशीरपणे ए. ए.शी जोडून देणारे कार्यक्रम दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात नोंदवले आहे.

स्त्रियांची उपस्थिती मी पाहिलेल्या सभांत फारच तुरळक होती. एकट्या बाईला तिथे अवघडल्यासारखे होईल, तेव्हा तिने स्त्रियांच्या वेगळ्या किंवा ऑनलाइन सभेची चौकशी करावी. घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही स्वतंत्र संघटना आहे. भावाच्या पत्नी तिथे जाऊ लागल्या आहेत आणि बाटल्या शोधत कपाटे उपसणे त्यांनी थांबवले आहे. काही ठिकाणी दोन्ही सभा एकाच वेळी शेजारच्या खोल्यांत भरतात, तेव्हा फोनवर तेही विचारून घ्यावे, म्हणजे दोघांना एकत्र जाता येते.